माय, सांगा त्यायले

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी, हे मला अजूनही कळत नाही. घरात सगळे तुम्हाला दादा म्हणत. मी काहीच म्हणत नव्हते. भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायचे नसते, म्हणून हाक मारायची वेळच आली नाही. या घरात माझे केस पांढरे झाले, पण तुमच्या तोंडाकडे पाहून मी बोलले तो एकच शब्द. तो कोणता, हे तुम्हाला आठवत असेल. पुढे लिहिते.

आता तुम्ही समोर नाही, म्हणून तुमच्याशी बोलता येते. माझे लिहिणे चौथीपर्यंतचे, तुमसरकडच्या शाळेतले. इथे बालाघाटकडे घरात मराठी सगळे बोलतात, पण वाचत कोणी नाही. मुले हिंदीतच शिकली आणि हिंदीतच भांडतात. हे कागद कोणाच्या हाती लागले तरी तो उलटेसुलटे करून ठेवून देईल. त्यामुळे लाजायचे कारण नाही.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी मला एक गोष्ट विचारली होती. तिचे उत्तर माझ्याकडेच राहिले. ते द्यायला हे लिहिते.

घरामागची बोडी, म्हणजे लहान तळे, आधी नुसती धानाच्या पाण्यापुरती होती. तुमची पंपहाऊसची नोकरी संपली, तुम्ही घरी आलात आणि त्या बोडीच्या मागे लागलात. ती रुंद केली, खोल केली, आत शेततळ्याला टाकतात तो जाड काळा कागद टाकला, एका बाजूने दगडाच्या पायऱ्या बांधल्या. रोहू आणले, कटला आणले, आणि हवेच्या पिशव्यांतून ते लाल-पिवळे मासे आणले. गावातली माणसे पाहायला आली. कोणी म्हणाले, दादाचे डोके फिरले. तुमच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या घरवाल्यांनी, भीत भीत विचारले, "दादा, खायचे नाहीत, विकायचे नाहीत, तर मग कायले?"

तुम्ही म्हणालात, "मायले ऐकू येत नाही. पाह्याले तरी काही पाहिजे."

मी आत भाकर थापत होते. ते वाक्य मी ऐकले. तुमच्याविषयी मला काही वाटले असेल तर ते तिथून वाटायला लागले.

मायची, म्हणजे सासूबाईंची, खाट तुम्ही पायऱ्यांच्या वर मांडली. पहिले काही महिने पाणी असे होते की तळाचा काळा कागद दिसे आणि त्यावरून लाल मासे जात. माय बोट दाखवून हसायच्या. मग पाणी हिरवे झाले. माय तरी खाटेवर बसायच्या, टीव्ही बंद पडल्यावर त्याच्याकडे पाहत बसावे तशा.

तेव्हापासून आपले भांडण सुरू झाले, पाणी साफ करायची टाकी कोणती घ्यायची यावरून.

भांडण म्हणायचे की काय, तेही सांगता येत नाही. घरवाले मोटारसायकलने भरवेलीला खाणीवर जात. मोठ्या बाई, तुमच्या घरच्या, वारल्यापासून दिवसा घरात तुम्ही, मी आणि माय. सपरीत, म्हणजे ओसरीवर, मधोमध माय तांदूळ निवडत बसायच्या. तुम्ही बाहेरच्या खांबाजवळ, मी आत चुलीच्या दाराशी. तुम्ही मायकडे पाहून बोलायचे, मी मायकडे पाहून बोलायचे. मायला ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही.

"माय, हिले सांग, बंद टाकी घेतो म्हणा. निळी येते ते. पंप पाणी आत ढकलते. वरचा दांडा फिरवला का सारा गाळ पाइपातून भायेर."

"हौ," माय म्हणायच्या.

"माय, सांगा त्यायले, बिजलीची लाईन गेली का बंद टाकीतलं पाणी आत कोंडते. सडते. लाईन आली का तेच पाणी बोडीत येते."

"हौ."

"माय, सांग हिले, उघडी टाकी म्हणजे एकापाशी एक तीन हौद. मोठाले ब्रश, मंग जाळ्या, मंग गोटे. त्याच्यातला गाळ हातानं उपसा लागते. त्याच्यात हात घालाले कोण जाईल?"

"माय, सांगा, ज्याले जायचं तो जाईल."

"हौ, हौ," माय म्हणायच्या, आणि तांदळातला एखादा खडा काढून तुम्ही बसला असाल त्या बाजूला फेकायच्या.

संध्याकाळी तुम्ही भावाला सांगायचे, "मायनंही हौ म्हटलं." आणि मी आत त्यांनाच सांगायचे, "मायनं माह्या बोलण्याले हौ म्हटलं." ते बिचारे दिवसभर खाणीत राबून आलेले. म्हणायचे, "दादा म्हणते तेही बरोबर, तू म्हणतं तेही बरोबर," आणि ताट पुढे ओढायचे.

बोलणे अवघड झाले की तुम्ही उठायचे. "बकरी घुसली वाटते वावरात," म्हणत निघून जायचे. आपल्याकडे बकरी नव्हतीच. मला हसू यायचे आणि रागही यायचा. मी मायला सांगितले, मायने ऐकले नाही, म्हणून तुम्हीही ऐकले नाही, अशी सोय तुमच्याकडे होती. ती माझ्याकडेही होती. तुमच्या तीनदा सांगण्यावर मी एकदा भांडी वाजवायचे.

डीलर टाकीचे माप घ्यायला येईपर्यंत तुम्हाला दम निघाला नाही. तुम्ही घरच्या घरी निळ्या ड्रमात नदीचे गोटे भरले, खाली नळी जोडली, छोटा पंप लावला. पाणी थोडे उजळले. मलाही बरे वाटले, पण मी ते मायला सांगितले नाही.

मग गोट्यांवर चिकट, भुरा थर आला. तुम्ही सारी नोकरी गावाचे पिण्याचे पाणी साफ करण्यात घालवली. घाण दिसली की तुमचा हात ब्लीचिंग पावडरकडे जायचाच. तुम्ही सगळे गोटे बाहेर काढले, पावडरीच्या पाण्यात घासले, नळाखाली धुतले, उन्हात वाळवले. गोटे अंड्यासारखे पांढरे झाले. तुम्ही एक गोटा आणून मायच्या हातात दिला. मायने तो तोंडाजवळ नेला, तेव्हा तुम्ही हसत काढून घेतला.

त्यानंतर मासे वर यायला लागले.

आधी एखाद-दुसरा. मग सकाळी पाहावे तर सगळ्या बोडीभर तोंडे. उघडायची, मिटायची, आणि पच पच असा आवाज. तो आवाज मला चुलीपाशी ऐकू यायचा आणि हातातले काम थांबायचे. मी सांगितले, "माय, सांगा त्यायले, गोटे धुतल्यापासून मासे वर येऊन राह्यले." तुम्ही म्हणालात, "माय, हिले सांग, पाण्यात रोग हाय." आणि उठून गेलात. बकरीचेही नाव घेतले नाही.

त्या सकाळी तुम्ही पायरीवर उभे होता. हातात पावडरीची पिशवी, तिचे तोंड सोडलेले. तुम्ही ती बोडीतच टाकणार होता. गावाची टाकी तुम्ही तशीच साफ केली होती, आणि गावात कधी कोणी आजारी पडले नव्हते. तुमचा हात पुढे झाला. माय खाटेवर झोपलेल्या होत्या. सांगायला कोणी नव्हते.

मी म्हणाले, "थांबा."

एवढेच. डोक्यावरचा पदरही सावरलेला नव्हता. तुम्ही मागे वळून पाहिले. मला वाटले आता तुम्ही काय म्हणाल. मी पायरीवर बसूनच गेले. मला काही ठाऊक नव्हते. पावडर चांगली की वाईट, हे कुठे शिकले होते मी. मासे गोटे धुतल्यापासून तडफडत आहेत एवढे दिसत होते, आणि त्याच पावडरीची पिशवी तुमच्या हातात होती.

तुम्ही पिशवीला गाठ मारली. चप्पल घातली आणि बालाघाटला मासेवाल्या ऑफिसात निघून गेलात.

परत आलात ते जेवायच्या वेळेला, पण जेवला नाहीत. खांबाजवळ बसलात. माय तांदूळ घेऊन बसल्या होत्या.

"माय, हिले सांग. गोट्यावर जो चिकट थर येते ना, तो घाण नोहे. तोच पाण्यातली घाण पचवते. म्या तोच घासून टाकला."

"हौ."

"नळाच्या पाण्यानंही धुवाचे नाही म्हणते. बोडीच्याच पाण्यानं, नुसते हलवाचे."

"हौ."

"अन् हिले सांग, बरं झालं."

काय बरे झाले, ते तुम्ही सांगितले नाही. मीही विचारले नाही. विहिरीचे पाणी सोडून सोडून तुम्ही बोडी वाचवली. काही मासे गेले, ते तुम्ही लिंबाखाली पुरले. त्या एका शब्दाचे नाव आपण दोघांनीही पुढे घेतले नाही.

मग ती दुपार. तुम्ही खांबाजवळ, मी कणीक मळत होते. तुम्ही म्हणालात, "माय, हिले विचार, टाकी कोणती घ्यायची. ही म्हणेल ते घेऊ."

माझे हात कणकेतच राहिले. या घरात मला पुष्कळ गोष्टी सांगितल्या गेल्या. कधी कोणी विचारले नव्हते. उत्तर मला ठाऊक होते, तिथल्या तिथे देता आले असते. पण विचारलेले असे पहिल्यांदाच हाती आले होते, ते थोडा वेळ जवळ ठेवावेसे वाटले. मी म्हणाले, "माय, सांगा त्यायले, उद्या सांगीन."

दुसऱ्या दिवशी तुम्ही उठलाच नाहीत.

त्याविषयी लिहीत नाही. ते सगळ्यांनी पाहिले. तेरवीचे मात्र लिहिले पाहिजे, कारण ते तुम्हाला कोणी सांगणार नाही.

तेरवीला माणसे फार आली. रामपायलीचे आले, कटंगीचे आले, पंपहाऊसची जुनी मंडळी आली. जेवणे झाली आणि कोणीतरी म्हणाले, दादाचे मासे उपाशी नको राहायला. त्यांनी पानातला भात बोडीत टाकला. मग सगळ्यांनाच पुण्य पाहिजे झाले. भात गेला, वडे गेले, बुंदी गेली. म्हातारे रडत रडत टाकत होते. तुमच्यावर माया करत होते आणि तुमच्या पाण्याचे वाटोळे करत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. सगळे मोठे, सासऱ्यांच्या नात्यातले. कोणाशी बोलू?

शेवटी मी मायच्या खाटेजवळ गेले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "माय, सांगा त्यायले, मासे एवढं खात नाही. पाणी नासून जाईल."

"हौ," माय म्हणाल्या.

एक काका म्हणाले, "बुढी हौ म्हणून राह्यली. टाका."

आणि आणखी भात गेला. तेव्हा मला समजले की मायकडे पाहून बोलायची रीत तुमच्या-माझ्यातच चालत होती. तुम्ही ऐकत होता म्हणून.

पुढच्या एक-दोन दिवसांत पाणी राखेसारखे झाले. वास यायला लागला. मासे पुन्हा वर, पुन्हा तोच पच पच आवाज. तुमचा पंकज रायपूरला परत जायच्या तयारीत होता. बापाची बोडी अशी पाहवत नव्हती त्याला, हे मी समजू शकते. तो म्हणाला, "काका, ठेकेदाराला सांगतो. मासे उचलून नेईल. मग बोडी बुजवून टाकू. कौन देखेगा इसको?"

घरवाले म्हणाले, "पंकज म्हणते तेही बरोबर."

त्याच सकाळी डीलर आला. तुम्ही बोलावून ठेवलेला, त्याला तुमचे काही माहीत नव्हते. फोटोला हार पाहून तो दारातच थांबला. मग बोडीकडे गेला, वाकून पाहिले आणि म्हणाला, "ये तो आज-कल में चली जाएँगी सब. पहले कुएँ का पानी छोड़ो, आधा बदलो."

पंकज म्हणाला, "छोड़ो भैया, भरवाने वाले हैं हम."

मी पायऱ्यांच्या वर, मायच्या खाटेमागे उभी होते. तुमची बोडी माझ्यासमोर दोन शब्दांत संपत होती. माय पाण्याकडे पाहत होत्या. त्यांना काय कळत होते कोण जाणे.

डीलर सामान उचलायला लागला. जाता जाता पंकजला म्हणाला, "बड़े अच्छे आदमी थे. मैंने फ़ोन पर कितना समझाया कि दादा, आपके यहाँ बिजली का भरोसा नहीं, खुली वाली टंकी लो. माने ही नहीं. बोले, खुली वाली की गंदगी कौन निकालेगा? दिन में घर में छोटी बहू अकेली रहती है. बोले, उम्र भर उसने इस घर का गोबर-पानी किया, अब मछली की गंदगी में भी उसका हाथ डलवाऊँ क्या."

मी खाटेची कड धरली.

त्यात हात घालाले कोण जाईल. हे तुम्ही मला किती वेळा म्हणाला होता. मला वाटायचे, टोमणा आहे. हिला काय समजते, असे म्हणता. मी ज्याले जायचं तो जाईल म्हणून उलट टोमणा मारायचे. तुम्ही उठून जायचे. नसलेल्या बकरीमागे जायचे.

मला खरेच राग आला तुमचा. एवढे डीलरला सांगता येते, परक्या माणसाला, आणि मायला सांगता येत नाही? तिला तर काही सांगितले तरी चालले असते. राग आला आणि त्याच रागात मी पायऱ्या उतरले. पदर डोक्यावर होता, तो हाताने धरून ठेवला.

"बोडी बुजवायची नाही," मी पंकजला म्हणाले. डीलरला म्हणाले, "टाकी उघडी पाहिजे. मी धुईन."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पंकज म्हणाला, "काकी, रोज का काम है वो. आपसे नहीं होगा."

"रोजचं नाही. हप्त्यातून एक दिवस. बोडीच्याच पाण्यानं, नुसतं हलवायचं. नळाच्या नाही." माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "तुह्या बापानं विचारलं होतं मले. मी उत्तर देऊन राह्यली."

पंकजचे डोळे भरून आले, तो तोंड फिरवून विहिरीकडे गेला आणि त्यानेच मोटर चालू केली. घरवाल्यांनी माझ्याकडे पाहिले, पंकजकडे पाहिले. म्हणाले, "ही म्हणते ते बरोबर हाय." इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्या कोणाचेही बरोबर न धरता केलेले हे पहिले बोलणे. तुम्ही असता तर हसला असता.

दिवसभर विहिरीचे पाणी उंचावरून बोडीत पडत राहिले. सगळे मासे वाचले नाहीत. मोठा कटला गेला, तो तुम्ही हाताने खाऊ घालायचे तो. तुमच्याच लिंबाखाली पुरला. बाकीचे खाली गेले आणि तो आवाज थांबला.

आता टाकी बसली आहे. तीन हौद आहेत, तुम्ही सांगायचे तसेच. शेवटच्या हौदातून पाणी चादरीसारखे खाली पडते. हिरवेपणा जायला निळ्या लाईटची नळीही लावली आहे, ती तुमच्या मनातली. तुमचे गोटे मी शेवटच्या हौदात टाकले. ते आता पांढरे राहिलेले नाहीत. पाणी अजून साफ नाही, पण बुडालेली पहिली पायरी दिसते, आणि काल तिच्यावरून काहीतरी लाल गेले.

हौद मी एकदा धुतला. कोपरापर्यंत हात गेला. वास येतो, खोटे कशाला सांगू. पण त्या गाळात हात असताना मला तुमच्याशी भांडायला पुष्कळ सुचत होते.

आज दुपारी मायने मला हाक मारली. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "काहून वं, आता मले कोणीच काही सांगत नाही?"

आम्हाला वाटायचे माय मध्ये नुसत्या बसलेल्या आहेत. त्यांच्या बाजूने पाहिले तर दिवसभर दोन माणसे त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलत होती. ऐकू न येणारा त्यांचा दिवस त्यावरच जात होता. तुम्ही गेलात आणि मीही त्यांच्याकडे पाहून बोलायचे सोडले.

मी सूप आणले, त्यात तांदूळ घातले आणि मायला सपरीत मधोमध बसवले. खांबाजवळची जागा मोकळी ठेवली. मी चुलीच्या दाराशी बसले.

"माय, सांगा त्यायले, टाकी उघडीच घेतली."

"हौ."

"सांगा, मीच धुवून राह्यली. माह्या हाताले काही होत नाही."

"हौ," माय म्हणाल्या. तांदळातून एक खडा काढला आणि खांबाच्या बाजूला फेकला.